वाकायामाच्या डोंगरातल्या गोष्टी (थोडं शेजारचं नाराही)

निशिगंध

ओसाकाला येऊन नऊ वर्षं झाली. भारतातून ओळखीचे लोक येतात, तोक्यो, क्योतो, हिरोशिमा करतात आणि परत जातात. ओसाकाच्या दक्षिणेला किई नावाचं भलं मोठं द्वीपकल्प समुद्रात उतरलंय, तिकडे कुणी वळत नाही. त्याच्या नैर्ऋत्येला वाकायामा प्रांत. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाखाली, सपाट जमीन काय ती नद्यांच्या मुखाशी. जुनं नाव 'कि-नो-कुनि', म्हणजे झाडांचा देश. चार दिवस सुट्टी मिळाली की मी तिकडे जाते. जमवलेल्या गोष्टी इथे लिहून ठेवते, तुमच्याकडे असतील त्या तुम्हीही टाका.

सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या गावापासून. नकाशात वाकायामा प्रांताची हद्द बोटाने गिरवत गेलात तर एक तुकडा बाहेर राहतो. ते कितायामा. त्याला चहूबाजूंनी नारा आणि मिए हे दुसरे प्रांत लागून आहेत, वाकायामा कुठेच लागत नाही. अख्खं गाव असं परप्रांतात वेढलेलं, हे जपानात एकच.

कारण लाकूड. डोंगरात देवदार आणि सुरूच्या जातीची झाडं तोडायची, ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि नदीच्या पाण्यावरून खाली शिंगूच्या बाजारात न्यायचे, यावर गाव जगायचं. १८७१ साली जुनी संस्थानं मोडून प्रांत आखले गेले, तेव्हा शिंगू वाकायामात गेलं. कितायामाच्या लोकांनी ठरवलं की आपला बाजार जिकडे तिकडे आपण. डोंगराच्या पलीकडचे शेजारी जमिनीने जवळ होते, पण शिंगू नदीने जवळ होतं. नऊ-दहा तास चालून गाठायचं गाव आणि पाण्याने गाठायचं गाव यांतलं अंतर वेगळं मोजलं जातं, हे मला तिथे नदीकाठी बसल्यावर कळलं.

पुढे धरणं झाली, ट्रकचे रस्ते झाले आणि १९६० च्या दशकात लाकडाची वाहतूक थांबली. १९७९ मध्ये गावाने पर्यटकांसाठी तराफे पुन्हा सुरू केले. सात तराफे एकामागे एक जोडलेले, सगळे मिळून साधारण तीस मीटर. आपण कठडा धरून उभं राहायचं, पाणी गुडघ्यापर्यंत येतं, आणि वल्हेकरी पुढच्या टोकावर जमिनीवर असावा तसा सहज उभा. ही विद्या गावातच शिकवली जाते.

याच गावात जाबारा नावाचं एक आंबट लिंबूवर्गीय फळ होतं. परसातल्या झाडाचं फळ, माशावर पिळायला वापरायचे. १९७० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा कळलं की हे दुसरीकडे कुठे न आढळलेलं स्वतंत्र वाण आहे. नावाचा अर्थ 'अरिष्ट घालवणारं'. आज पाचशेच्या आतल्या वस्तीच्या या गावाची मोठी कमाई जाबारातून येते, आणि विक्री गावाचं कार्यालयच बघतं. मी दोन बाटल्या रस आणला होता, सोडा आणि मीठ घालून सरबत केलं. कोकमाइतकं नाही, पण मन लावून प्यायलो आम्ही.

रानभुली

निशिगंधताई, 'झाडांचा देश' वाचून राहवलं नाही. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकवते, देवरायांवर थोडं काम केलंय. देवराईवर बोलताना मी विद्यार्थ्यांना वाकायामातल्या एका माणसाची गोष्ट आवर्जून सांगते.

मिनाकाता कुमागुसु (१८६७-१९४१). वाकायामा शहरात जन्म, तरुणपणी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये चौदा वर्षं, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचन, 'नेचर'मध्ये पन्नासेक टिपणं. पदवी नाही, नोकरी नाही. १९०० साली परत आला आणि पुढे तानाबे गावात कायमचा राहिला. त्याचा जीव स्लाइम मोल्डवर. कुजक्या लाकडावर पावसाळ्यात पिवळी, पांढरी बुळबुळीत जाळी दिसते ना, ती. प्राणीही नाही, बुरशीही नाही. घरच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर त्याला एक नवीन प्रजाती मिळाली, तिच्या वंशाला (जीनसला) 'मिनाकाटेला' असं नाव आहे.

१९०६ मध्ये सरकारने हुकूम काढला की गावोगावची छोटी देवळं एकत्र करा, एका गावाला एकच देऊळ. देऊळ गेलं की त्याच्याभोवतीचं रान मोकळं होतं, आणि त्यात शेकडो वर्षांची झाडं. ती तोडून विकली गेली. मिए आणि वाकायामा या दोन प्रांतांत हे सगळ्यात जास्त झालं. मिनाकाता त्याविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहीत राहिला, मोठ्या लोकांना लांबच लांब पत्रं पाठवत राहिला. त्याचं म्हणणं होतं की रान गेलं की पक्षी जातात, पक्षी गेले की शेतात कीड वाढते, आणि देऊळ गेलं की गावाची एकत्र जमायची जागाच जाते. त्या पत्रांत त्याने 'इकॉलॉजी' हा शब्द वापरलाय, १९११ च्या सुमाराला! १९१० मध्ये तो अधिकाऱ्यांच्या एका सभेत घुसला, त्याबद्दल अठरा दिवस कोठडीत बसला.

सगळं वाचलं नाही. पण तानाबेच्या खाडीतलं काशिमा बेट वाचलं. कुमानो या जुन्या तीर्थक्षेत्राच्या यात्रामार्गावर नोनाका इथे प्रचंड देवदार आहेत, त्यांतले काही वाचले. त्यांच्या फांद्या सगळ्या दक्षिणेकडे वळलेल्या, म्हणून लोक म्हणतात की ते नाचीच्या धबधब्याकडे बघतात. १९२९ मध्ये सम्राट वाकायामाला आला तेव्हा मिनाकाताने त्याला ११० नमुने भेट दिले, तेही कॅरॅमलच्या गोळ्यांच्या मोठ्या खोक्यांतून. लाकडी पेटी वगैरे काही नाही. माझ्या मुलांना ही खोक्यांची गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहते.

सह्यवेडा

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. नाचीचा धबधबा किती उंच?

निशिगंध

सह्यवेडा, १३३ मीटर, एकाच धारेत. धबधबाच देव, त्याच्यासमोर तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान, उभारलेली.

रानभुलीताई, काय सुंदर लिहिलंत! नोनाकाचे देवदार मी बघितलेत, त्यांच्या मागे ही गोष्ट आहे हे माहीत नव्हतं. तिथे खोडाला हात लावून उभी राहिले होते, पाच जणींनी कवेत घेतलं तरी पुरणार नाही एवढा घेर.

चैत्यभूमी_दादर

कोया-सानचा उल्लेख अजून कसा नाही! २०१५ मध्ये तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसवला, महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अनावरणाला गेले होते. त्याआधी २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात पर्यटनाचा करारही झालाय. मी २०१८ मध्ये बायको-मुलांसह गेलो होतो, खास त्या पुतळ्यासाठी.

कोया-सान म्हणजे समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवरचं पठार, भोवती आठ शिखरं, त्यांना कमळाच्या पाकळ्या म्हणतात. ८१६ साली सम्राटाने कूकाई नावाच्या भिक्षूला ही जागा दिली. हा कूकाई चीनला जाऊन मंत्रयान शिकून आला होता, गुरूंच्या परंपरेचं मूळ भारतात. आज तिथे ११७ मठ आहेत, पन्नासेक मठांत मुक्काम करता येतो. पहाटे प्रार्थनेला बसलो, समोर अग्नी पेटवून त्यात समिधा टाकत होते. विचारलं तर म्हणाले, 'गोमा'. होम! उच्चार बदललाय, विधी ओळखू येतो.

मग ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, वर देवदारांचं छत. वाटेच्या शेवटी कूकाईची समाधी. ८३५ मध्ये तो वारला असं तिथे कुणी म्हणत नाही, ध्यानाला बसलाय म्हणतात, आणि रोज दोनदा त्याला जेवण नेतात. आम्ही सकाळचं बघितलं. पिवळ्या वस्त्रातले भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडून गेले. माझी आठ वर्षांची मुलगी अगदी गप्प उभी होती.

आता मला जे सांगायचंय ते. समाध्यांवर पाच दगड एकावर एक रचलेले असतात. खाली चौकोन, वर गोल, मग त्रिकोणी छप्पर, मग अर्धगोल, वर कळी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं. मी जवळ जाऊन बघतो तर ओळखीचं वळण. ती सिद्धम् लिपी, आपल्या देवनागरीची चुलत बहीण. खालून वर वाचलं: अ, व, र, ह, ख. आकाशासाठी 'ख'. खग, खगोल यांतला ख! जपानच्या डोंगरात, शेवाळलेल्या दगडावर, बाराशे वर्षं चालत आलेला. मी तिथे मुलीला मराठीत ती पाच अक्षरं वाचून दाखवली. शेजारी एक जपानी आजोबा होते, त्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बाबासाहेबांचा पुतळा बघायला गेलो होतो, आणि हे घेऊन आलो.

मृण्मयी_ठाणे

अंगावर काटा आला वाचून.

ओकुनोइनमध्ये वाळवीचं स्मारक आहे ना? वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळव्यांसाठी बांधलंय. 'वाळव्यांनो, शांत झोपा' असं कोरलेलं. अगदी मनापासून केलेलं वाटलं मला ते.

बायकांना कोया-सानवर बंदी होती असं वाचलं होतं, ते खरं का?

निशिगंध

खरं आहे, मृण्मयी. हजार वर्षांच्या वर. सरकारी हुकमाने १८७२ मध्ये बंदी उठली, प्रत्यक्षात बायका तिथे राहू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. वर जाणाऱ्या सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बायकांसाठी एक थांबा, 'न्योनिन-दो'. तिथून पुढे जायचं नाही. सातांपैकी आता एकच उरलाय.

मग त्या बायकांनी काय केलं? आत जाता येत नाही तर बाहेरून फिरल्या. डोंगरांच्या धारेवरून, एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत, अख्ख्या पठाराला वळसा. जिथून समाधीकडचं रान दिसेल तिथे थांबून हात जोडायचे. त्या पायांनी पडलेली वाट अजून आहे, तिचं नावच 'बायकांची वाट'. मी गेल्या ऑक्टोबरात चालले. मध्ये मध्ये झाडीतून खालची देवळांची छपरं दिसतात. कुणी विणकरीण, कुणी कोळीण, महिनाभर चालून आली असेल आणि एवढंच बघून परत गेली असेल. मला तिथे रडू आलं, आणि मग राग आला, आणि मग त्या वाटेबद्दल फार प्रेम वाटलं. चैत्यभूमीदादा, बाबासाहेबांचा पुतळा त्याच डोंगरावर आहे हे मला त्या दिवशी फार महत्त्वाचं वाटत होतं.

आंबोळी

मी खाण्याकडे वळवते. वाकायामा म्हणजे उमेबोशी! देशातल्या उमेपैकी निम्म्याहून जास्त एकट्या या प्रांतात होतात. उमे म्हणजे जर्दाळूच्या नात्यातलं आंबट फळ. जूनमध्ये उतरवायचं, मिठात मुरवायचं, मग कडक उन्हात तीन दिवस वाळवायचं. आईच्या हातच्या खारातल्या कैरीची आठवण येते. सगळ्यात नावाजलेलं वाण 'नानको'. मिनाबे गावच्या हायस्कूलने ते निवडायला मदत केली म्हणून शाळेचंच नाव दिलं, हायस्कूलला लाडाने 'नानको' म्हणतात. मिनाबे गावाने २०१४ मध्ये ठराव केलाय की भाताच्या गोळ्यात उमेबोशी घालून खाण्याला उत्तेजन द्यायचं. अधिकृत गावठराव!

पण मला जास्त आवडते ती तिथली शेतीची मांडणी. डोंगराचा माथा मोडत नाहीत. वर उबामे नावाच्या ओकचं रान ठेवायचं, खाली उतारावर उमे. रान पाणी धरून ठेवतं, माती खाली येऊ देत नाही. रानात जपानी मधमाश्या राहतात. उमे फेब्रुवारीत फुलतो, थंडीत, तेव्हा याच माश्या परागीभवन करतात, आणि त्या वेळी रानात दुसरं फारसं काही फुललेलं नसतं म्हणून माश्यांनाही उमेच आधार. त्या ओकचा होतो बिन्चोतान कोळसा. सगळं झाड तोडत नाहीत, जाड फांद्या काढून बारीक ठेवतात, पुन्हा वाढू देतात. भट्टीतून लालबुंद बाहेर ओढून ओल्या राखेत विझवतात. दोन कोळसे एकमेकांवर आपटा, घंटेसारखा किणकिण आवाज येतो. चारशे वर्षांची ही घडी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवली.

खाडीकाठ

सोया सॉस राहिला. तोही इथलाच. तेराव्या शतकात चीनहून परतलेल्या एका भिक्षूने किन्झान्जी मिसो (सोयाबीन आंबवून केलेलं वाटण) करायला शिकवलं, त्यात भाज्या मुरताना वर साचणारं पाणी कुणीतरी चाखलं, आणि शेजारच्या युआसात त्याचा धंदा झाला. चांगलं पाणी आणि बंदर दोन्ही होतं. युआसाच्या जुन्या गल्लीत आजही वास येतो.

पण मी लिहितोय ते युआसाच्या शेजारच्या हिरोगावासाठी. मी किनारा संरक्षणाच्या कामात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. या गावचा हामागुची गोर्‍यो हा सोया सॉसच्या घराण्यातला व्यापारी. १८५४ च्या डिसेंबरात भूकंप आणि मग त्सुनामी. जपानी शाळेच्या पुस्तकात गोष्ट होती की टेकडीवरच्या एका म्हाताऱ्याने समुद्र मागे हटताना बघितला आणि लोकांना वर बोलावण्यासाठी कापणीचा तांदूळ पेटवला. खरी हकीकत थोडी वेगळी, आणि मला जास्त मोठी वाटते. तो म्हातारा नव्हता, चौतीस वर्षांचा होता. पहिली लाट येऊन गेली होती, स्वतःही वाहून जाता जाता वाचला. अंधार पडला, लोक कुठे जायचं ते कळेना म्हणून भरकटत होते. त्याने पेंढ्यांच्या गंज्या ओळीने पेटवल्या, त्या उजेडाच्या रेषेने लोक उंचावरच्या देवळात पोचले.

त्यानंतरचं काम मात्र त्या गोष्टीत नाही. गाव उद्ध्वस्त, होड्या गेल्या, लोक गाव सोडायच्या बेतात. त्याने स्वतःच्या पैशाने बांध घालायला घेतला. गावच्याच माणसांना रोजंदारी. जवळजवळ चार वर्षं. सुमारे सहाशे मीटर लांब, पाच मीटर उंच, समुद्राकडे पाइनची झाडं. म्हणजे रोजगार हमी आणि त्सुनामी संरक्षण एकाच खर्चात. त्यानंतर तो गेला १८८५ मध्ये, आणि १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली तेव्हा गावाचा मोठा भाग त्या बांधामागे वाचला. जागतिक त्सुनामी जागृती दिन ५ नोव्हेंबरला असतो तो जुन्या जपानी पंचांगातल्या याच तारखेवरून. दर नोव्हेंबरात शाळेची मुलं बांधावर माती नेऊन टाकतात. बांध ही एकदा बांधून विसरायची गोष्ट नाही, हे मी आयुष्यभर बैठकांमधून सांगत आलो. तिथे पोरं जाणतात.

उत्तरवारा

खाडीकाठकाका, नमस्कार. मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळ रिचमंडला राहतो. आमच्याकडे स्टीव्हस्टन म्हणून कोळ्यांची जुनी वस्ती आहे, सॅमनचा जुना कारखाना आता संग्रहालय झालाय. तिथे जपानी कोळ्यांची नावं वाचली की बहुतेकांचं मूळ गाव एकच: वाकायामातलं मिओ. १८८८ मध्ये मिओचा एक सुतार, कुनो गिहेइ, इकडे आला, फ्रेझर नदीत सॅमन बघून थक्क झाला आणि गावी पत्रं पाठवली. मागून गाव आलं. मिओला मग 'अमेरिका-मुरा', अमेरिका गाव, म्हणू लागले. परत गेलेले लोक रंगीत फळ्यांची पाश्चात्त्य घरं बांधत, बोलण्यात इंग्रजी शब्द मिसळत. १९४२ मध्ये कॅनडाच्या सरकारने या सगळ्यांना किनाऱ्यावरून हलवलं, होड्या जप्त करून विकल्या. युद्धानंतर काही जणांना जपानला धाडलं, त्यांत इथेच जन्मलेली मुलंही होती. माझ्या मुलीच्या शाळेत हा इतिहास शिकवतात. १९७३ पासून रिचमंड आणि वाकायामा शहर भगिनी शहरं आहेत.

सह्यवेडा

एवढे लोक एकाच गावातून का गेले?

निशिगंध

सह्यवेडा, जमीन नव्हती. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि समुद्रात माशांच्या हक्कांवरून शेजारच्या गावांशी भांडणं. ताइजीतही तसंच. तिथे १६०६ पासून संघटितपणे देवमाशाची शिकार चालायची. १८७८ च्या डिसेंबरात शिकारीला गेलेल्या होड्या वादळात सापडल्या, शंभराहून जास्त माणसं गेली. धंदा मोडला आणि माणसं परदेशी निघाली. (ताइजीच्या आजच्या डॉल्फिन शिकारीबद्दल माझं मत विरोधात आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढू.)

आता वाट उलट दिशेची. कुशिमोतोजवळच्या ओशिमा बेटावर १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री तुर्कस्तानचं एर्तुग्रुल जहाज खडकांवर फुटलं. पाचशेहून जास्त खलाशी बुडाले, ६९ वाचले. ते कडा चढून दीपगृहाच्या उजेडाकडे आले. गाव गरीब, त्यात त्या वर्षी अन्नाचा तुटवडा. लोकांनी साठवलेली रताळी काढली, अडीअडचणीला ठेवलेल्या कोंबड्या कापल्या, गार पडलेल्यांना अंगाशी धरून ऊब दिली. १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये दोनशेहून जास्त जपानी अडकले, तेव्हा त्यांना बाहेर काढलं ते तुर्की विमानांनी. कुशिमोतोत स्मारक आहे, सुबक, समुद्राकडे तोंड करून.

मृण्मयी_ठाणे

आम्ही पुढच्या मेमध्ये येतोय, आई (वय ६८) बरोबर. डोंगर चढणं जमणार नाही तिला. काय दाखवू?

निशिगंध

काकूंना बस दाखव. खरंच सांगतेय. नारामधल्या यागीपासून शिंगूपर्यंत एक साधी बस जाते, द्रुतगती महामार्ग न घेता चालणाऱ्या बसमार्गांत जपानात सगळ्यात लांब. १६० किलोमीटरच्या वर, थांबे दीडशेहून जास्त, साडेसहा तास. मध्ये विश्रांतीला थांबते. अख्खा किई खिडकीतून दिसतो.

वाटेत तोत्सुकावा गावातला तानिझेचा झुलता पूल लागतो. २९७ मीटर लांब, ५४ मीटर उंच. आधी नदीवर ओंडक्यांचे पूल असायचे, पूर आला की वाहून जायचे. १९५४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून हा बांधला, घराला दोन-तीन लाख येन. त्या काळी शिक्षकाचा पहिला पगार दहा हजारांच्या आत होता. काकूंना पुलावर नको नेऊ, हलतो. कडेच्या बाकावर बसवून चहा दे.

याच तोत्सुकावात ऑगस्ट १८८९ मध्ये डोंगर कोसळले आणि पूर आला, १६८ माणसं गेली. कुमानोचं होंगू देऊळही त्याच पुराने उद्ध्वस्त झालं, आता ते उंचावर हलवलंय आणि जुन्या नदीकाठच्या जागी ३४ मीटर उंचीची तोरी आहे. तीही बसमधून दिसते. तोत्सुकावाचे अडीच हजारांच्या आसपास लोक सगळं सोडून पार उत्तरेला होक्काइदोला गेले, थंडीत जंगल तोडून नवीन गाव वसवलं, नाव ठेवलं शिन-तोत्सुकावा, नवं तोत्सुकावा. २०११ मध्ये वादळाने किईत पुन्हा डोंगर कोसळले, तेव्हा होक्काइदोहून मदत आली. ते लोक जुन्या गावाला अजूनही 'बो-सोन' म्हणतात, आईगाव.

मृण्मयी_ठाणे

आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, बसमध्ये डबा खाता येतो का.

निशिगंध

विश्रांतीच्या थांब्यांवर उतरून खाता येतो. थालीपीठ आण, मी यागीला भेटते तुम्हाला.